पॅच लिहिणाऱ्याचा पगार कोण देतं? ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या भवितव्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमची छोटी कंपनी पतसंस्था आणि दूध संघांना सॉफ्टवेअर बसवून देते. सगळे सर्व्हर सेंटओएस ७ या फुकटच्या लिनक्सवर होते, ते बंद झालं. ते ज्या रेड हॅटच्या लिनक्सची प्रत होतं, त्या कंपनीने सोर्सही (मूळ कोड) आवळून घेतला. अँड्रॉइडचंही तेच होतंय म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या बाजारात फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीमला भविष्य आहे का, की आत्ताच पैसे मोजून विंडोज सर्व्हर नाहीतर रेड हॅट घेऊन मोकळं व्हावं?"

भविष्य आहे. सेंटओएस, रेड हॅट आणि अँड्रॉइड यांच्या मुळाशी असलेलं लिनक्स कुठेही जात नाही. जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या क्लाउडवरही निम्म्याहून जास्त काम लिनक्सवर चालतं. २००१ मध्ये याच कंपनीच्या प्रमुखांनी, स्टीव्ह बामर यांनी, लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. तेव्हा टिकण्याबद्दल शंका नको. संपत आली आहे ती आपली एक सवय. दुसऱ्या कोणीतरी पगार देऊन दहा वर्षं केलेली देखभाल आपण दमडी न देता वापरायची, ही सवय. सेंटओएसच्या भानगडीत खरं दुखणं तेच होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पण त्याआधी ही देखभाल म्हणजे नेमकं काय ते जवळून बघा, कारण बहुतेकांना ते माहीत नसतं. गेली वीसेक वर्षं पुण्यात बसून मी बँका, कारखाने, हॉस्पिटलं यांचे सर्व्हर सांभाळतो. दरवर्षी एक फोन हमखास येतो. सहकारी बँकेत सायबर ऑडिट झालेलं असतं. ऑडिटरच्या स्कॅनरने सर्व्हरला अपाची या वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल विचारलेलं असतं, "अपाची कुठली आवृत्ती?" सर्व्हरने प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं, "२.४.६." ही आवृत्ती २०१३ ची. झालं, रिपोर्टमध्ये लाल रंगात त्रुटींची रांग लागते आणि आयटी ऑफिसर घाबरून विचारतो, "साहेब, आपला सर्व्हर अकरा वर्षं जुना आहे का हो?"

आवृत्तीचा आकडा जुना असतो, आतला माल जुना नसतो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ हे २०१४ साली आलं तेव्हा त्यात अपाची २.४.६ आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) ३.१० होतं. ते आकडे शेवटपर्यंत तेच राहिले. पण मधल्या काळात नव्या आवृत्त्यांमध्ये जी जी भोकं बुजवली गेली, त्यांतली महत्त्वाची दुरुस्ती उचलून या जुन्या कोडमध्ये मागे नेऊन बसवली गेली. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नवा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, जुन्या कोडवर लावायला जावं तर ते फंक्शनच तिथे वेगळ्या रूपात असतं, कधी नसतंच. मग दुरुस्तीमागचा विचार समजून घेऊन ती हाताने पुन्हा लिहायची. ती लिहिताना ग्राहकाकडे असलेला सात वर्षांपूर्वीचा स्टोरेज कार्डाचा ड्रायव्हर बंद पडणार नाही ना, हे तपासायचं. मग शेकडो वेगवेगळ्या हार्डवेअरवर चाचण्या घ्यायच्या. आणि हे सगळं अशा कर्नलसाठी, ज्यात मूळ लेखकांना आता काडीचा रस नाही.

ऑडिटरला उत्तर देताना आम्ही पॅकेजचा चेंजलॉग काढतो. त्यात तारीखवार नोंदी असतात: कुठली सीव्हीई (भोकाचा नोंदणी क्रमांक), कधी बुजवली, कोणी बुजवली. त्या "कोणी"पुढचे ईमेल पत्ते बघा. बहुतेक ठिकाणी एकाच कंपनीचं नाव दिसतं. हे काम छंद म्हणून कोणी करत नाही. नवा शेड्यूलर लिहिणारे हौशी लोक सापडतील, नवा डेस्कटॉप करणारे तर ढिगाने सापडतील, पण २०१३ च्या कर्नलमध्ये २०२३ चा पॅच बसवायला रविवारी सकाळी उठून बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून कुठल्याही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमचं भवितव्य विचारलं की मी एकच गोष्ट बघतो. हा पॅच मागे नेणाऱ्याचा पगार आज कोण देतं, आणि पुढची दहा वर्षं त्याने तो का द्यावा?

रेड हॅटने याचं उत्तर फार लवकर शोधलं. ऑगस्ट १९९९ मध्ये शेअर बाजारात उतरलेली ही कंपनी तेव्हा खोक्यात सीडी घालून विकायची. सीडी कोणीही कॉपी करू शकतो, त्यामुळे त्या धंद्याला तळ नव्हता. २००२ पासून त्यांनी एंटरप्राइज आवृत्ती वेगळी काढली, खोक्याचा धंदा गुंडाळला आणि हौशी लोकांसाठी फेडोरा सुरू केलं. पैसे सबस्क्रिप्शनचे घ्यायचे. म्हणजे दीर्घ मुदतीच्या देखभालीचे, एसएपी आणि ओरॅकलसारख्यांच्या प्रमाणपत्राचे आणि रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या माणसाचे. २०१२ च्या आर्थिक वर्षात या मार्गाने एक अब्ज डॉलरची उलाढाल झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं आणि जुलै २०१९ मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

याच मालाची हुबेहूब प्रत म्हणजे सेंटओएस. २००४ पासून काही मंडळी रेड हॅटचा उघडा सोर्स घेऊन, त्यातलं नाव आणि लोगो काढून, तो पुन्हा बांधून फुकट देत होती. विद्यापीठं, होस्टिंग कंपन्या, टेलिकॉम आणि तुमच्या-आमच्या पतसंस्था, सगळे त्यावर. २०१४ मध्ये रेड हॅटने या मंडळींना आपल्या पदरी घेतलं. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आलं, त्याची देखभाल २०२९ पर्यंत चालेल अशी सगळ्यांची समजूत होती आणि तसं लिहिलेलंही होतं. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ ला बंद होईल. पुढे फक्त सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीचा चालू कच्चा खर्डा.

तेव्हा लोकांनी आयबीएमच्या नावाने बोटं मोडली. मला त्यात अर्धंच तथ्य वाटतं. ओरॅकल २००६ पासून रेड हॅटचाच सोर्स बांधून त्यावर स्वस्तात सपोर्ट विकतंय. त्याला वैतागून रेड हॅटने २०११ मध्ये कर्नलचे पॅच सुटे द्यायचे बंद करून एकत्र मळलेल्या गोळ्यासारखे द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे ही ओढाताण आयबीएम यायच्या कितीतरी आधीची. हाउसिंग सोसायटीत लिफ्ट सगळे वापरतात, मेंटेनन्स चार घरं भरतात आणि वर एक जण लिफ्टमध्ये स्वतःच्या क्लासची जाहिरात लावतो. चार घरांनी एक दिवस कटकट करणारच. माझा आक्षेप त्या कटकटीला नाही, तारखेला आहे. २०२९ सांगून लोकांना बसवलं आणि वर्षभराच्या नोटिशीवर उठवलं. कोविडच्या काळात ज्यांनी नुकतंच ७ वरून ८ वर स्थलांतर केलं होतं त्यांची अवस्था मी बघितली आहे. एका ग्राहकाने तर फोनवर मला विचारलं की आता तुम्ही सांगाल त्या पुढच्या तारखेवर आम्ही विश्वास का ठेवायचा. त्याचं म्हणणं रास्त होतं.

२१ जून २०२३ ला दुसरा घाव बसला. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सचा नेमका सोर्स यापुढे फक्त ग्राहकांना, त्यांच्या पोर्टलवरून. हे लायसन्समध्ये बसतं का, असा प्रश्न मला सारखा विचारला जातो. लिनक्सचं लायसन्स, जीपीएल, सांगतं की ज्याला तुम्ही प्रोग्रॅम देता त्याला सोर्स द्या आणि तो पुढे वाटायचा हक्कही द्या. सगळ्या गावाला द्या, असं ते सांगत नाही. रेड हॅट ग्राहकाला सोर्स देतंच. फक्त करारात अशी मेख आहे की तो सोर्स पुढे वाटलात तर तुमचं सबस्क्रिप्शन थांबवता येईल. हक्क आहे, पण वापरलात तर पुढचा पॅच मिळणार नाही. वकिलांमध्ये यावर आजही दोन तट आहेत. माझ्या मते अक्षर पाळलंय, मन दुखावलंय.

मग झालं काय? जग बुडालं नाही. सेंटओएसच्या मूळ संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कर्टझर यांनी रॉकी लिनक्स उभं केलं. क्लाउडलिनक्स या कंपनीने अल्मालिनक्स काढलं आणि ते एका ना-नफा फाउंडेशनच्या हाती दिलं. २०२३ च्या धक्क्यानंतर अल्माने जुलैमध्ये धोरण बदललं. हुबेहूब प्रत काढायचा हट्ट सोडला. रेड हॅटवर चालणारा प्रोग्रॅम इथे चालला पाहिजे, एवढीच हमी ठेवली. त्यामुळे काही दुरुस्त्या ते आता स्वतः करतात, कधी रेड हॅटच्याही आधी देतात. त्याच ऑगस्टमध्ये ओरॅकल, सुसे आणि कर्टझर यांची कंपनी सीआयक्यू यांनी मिळून सोर्ससाठी ओपनईएलए ही संघटना काढली. मला यातला अल्माचा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात स्वतःचे इंजिनियर ठेवावे लागतात.

सेंटओएस ७ ची देखभाल ३० जून २०२४ ला संपली. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधलं एक गंभीर भोक जाहीर केलं. फोन खणखणू लागले. गंमत अशी की सेंटओएस ७ मधला ओपनएसएसएच ७.४ इतका जुना होता की ते भोक त्यात नव्हतंच, ते ८.५ पासून पुढे शिरलं होतं. नव्या यंत्रणांना धावपळ करावी लागली आणि बंद पडलेली यंत्रणा सुटली. पण असं दरवेळी होत नाही, आणि "आमचं अजून चालतंय की" म्हणणारे जे ग्राहक त्या दिवशी निर्धास्त झाले, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

आता लायसन्स नेमकं काय वाचवतं आणि काय नाही, ते दोन जुन्या मृत्यूंवरून बघा. सन कंपनीने २००५ मध्ये सोलारिसचा सोर्स उघडला. २०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन घेतली आणि ऑगस्टपर्यंत ओपनसोलारिस गुंडाळलं. कोड कोणी परत घेऊ शकत नव्हतं, म्हणून काही मंडळी तो घेऊन बाहेर पडली आणि इलुमॉस सुरू झालं. ते आजही जिवंत आहे, पण बाजारात फारसं कुठे दिसत नाही. त्यातली झेडएफएस फाइल सिस्टीम मात्र इतकी उपयोगी निघाली की तिच्याभोवती पैसे देणारे लोक जमले, आणि आज कितीतरी ठिकाणी बॅकअपचे स्टोरेज बॉक्स तिच्यावर चालतात. झाड पडलं, फांदी जगली, कारण त्या फांदीला पगार देणारा मिळाला.

दुसरा मृत्यू आपल्या जास्त ओळखीचा. मोझिलाने फायरफॉक्स ओएस काढलं. २०१४ मध्ये भारतात इंटेक्सने त्यावरचा फोन १,९९९ रुपयांना आणला. फोन रांगत चालायचा, कोणाला आवडला नाही, आणि मोझिलाने हात टेकले. पण कोड उघडा होता. तो घेऊन कायओएस तयार झालं आणि २०१७ मध्ये बटणांच्या जिओफोनमध्ये बसून कोट्यवधी घरांत गेलं. विदर्भातल्या एखाद्या आजोबांच्या हातात मोझिलाचा मेलेला प्रकल्प होता आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. मोठ्या टेलिकॉम कंपनीला स्वस्त फोन हवा होता, म्हणून कोणीतरी पगार दिला. तेव्हा लायसन्सने पुनर्जन्माचा दरवाजा उघडा ठेवला, एवढंच. आत यायला पैसा लागला.

अँड्रॉइडबद्दल विचारलंत. ते प्रकरण वेगळं आहे आणि मला सर्व्हरपेक्षा ते जास्त चिंताजनक वाटतं. तिथे कोड उघडा आहे, पण ज्याच्यामुळे फोन विकला जातो तो भाग, म्हणजे प्ले स्टोअर, नकाशे, नोटिफिकेशनची सेवा, गुगलच्या अटींवर मिळतो. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांनंतर वावे (हुआवे) या चिनी फोन कंपनीला उघडा अँड्रॉइड वापरायला कोणी अडवलं नव्हतं, तरी चीनबाहेर त्यांच्या फोनचा बाजार ढेपाळला. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याच अटींवरून गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. २०२५ च्या मार्चमध्ये गुगलने सांगितलं की अँड्रॉइडचं रोजचं काम आता पूर्णपणे आतल्या आत चालेल, सोर्स आवृत्ती तयार झाल्यावर बाहेर येईल. पगार देणारा एकच असला की असं होतं. मद्रासच्या आयआयटीत रुजलेल्या भारओएसचा २०२३ मध्ये मोठा गाजावाजा झाला. मूळ कोड अँड्रॉइडचाच आहे. बँकेचं ॲप आणि यूपीआय त्यावर विनाकटकट चालवण्यासाठी वर्षानुवर्षं कोण झिजणार, हा प्रश्न गाजावाजात कोणी विचारला नाही.

डेस्कटॉपवर मी फार वेळ घालवणार नाही, पण आपल्याकडची अडचण सांगतो, कारण ती परदेशी लेखांत सापडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा अनेकांनी मला विचारलं की आता ऑफिसात उबंटू हे लिनक्स टाकू का. टाका, पण आधी तीन गोष्टी त्या मशीनवर चालवून दाखवा: टॅली, डिजिटल सहीचं टोकन, आणि श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली. तिसऱ्यावर माणूस अडकतो. वीस-पंचवीस वर्षांचे ठराव, इतिवृत्तं, सातबाराच्या अर्जांचे नमुने युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडलेले असतात. दुसऱ्या मशीनवर उघडले की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेच लागतात. ते काम एखाद्या क्लार्कच्या दोन महिन्यांचं असतं, आणि त्या दोन महिन्यांचा पगार प्रस्तावात कोणीही धरलेला नसतो.

उलट लिनक्सवर आज मराठी सुबक दिसतं, त्यामागेही पगारच आहे. लोहित हे फॉन्ट रेड हॅटने खुले केले आणि त्यांच्यावरचं बरंचसं काम पुण्यातल्या ऑफिसात झालं. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा काढावा लागतो, "दुसऱ्या"मधला ऱ्य नीट जुळावा लागतो, हे सगळं कोणीतरी पूर्ण वेळ बसून केलं. त्या काळी मुंबई-पुण्यात स्वयंसेवकांनीही भाषांतराचं मोठं काम उपसलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे नोकऱ्या लागल्या, मुलं झाली, आणि भाषांतरं अर्धवट राहिली. याला मी दोष देत नाही. असंच होणार.

सरकारी पातळीवर दोन उदाहरणं शेजारी ठेवा. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे पंधरा हजार मशीन बदलली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. केरळच्या सरकारी शाळा मात्र दीड-दोन दशकं मुक्त सॉफ्टवेअरवर टिकून आहेत. फरक मला एवढाच दिसतो की केरळने त्यासाठी कायमची संस्था ठेवली, आज ती काइट नावाने ओळखली जाते. ती स्वतःची उबंटूवर बेतलेली आवृत्ती बांधते, शिक्षकांना शिकवते, पाठ्यपुस्तकं त्यावर लिहिते, परीक्षाही त्यावरच घेते. महापौर बदलला की धोरण बदललं, असं तिथे झालं नाही. आपल्याकडे केंद्राचं ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण २०१५ पासून आहे. प्रत्यक्ष टेंडरमध्ये मात्र उत्पादकाचं अधिकारपत्र, म्हणजे एमएएफ, जोडा असं लिहिलेलं असतं. स्वयंसेवकांच्या डेबियन लिनक्सचं एमएएफ कोण देणार? त्या एका ओळीने धोरण निकालात निघतं, आणि रेड हॅट, सुसे, उबंटूवाली कॅनॉनिकल यांचा धंदा चालतो. मी ते वाईट म्हणत नाही. साहेबाला सही करायला समोर कोणीतरी जबाबदार हवा असतो.

आता पुढे काय होईल याचा माझा अंदाज. सुट्या ऑपरेटिंग सिस्टीमची किंमत आणखी खाली येईल आणि ती दुसऱ्या कशात तरी मुरून विकली जाईल. ॲमेझॉनने स्वतःचं लिनक्स बांधलंय, मायक्रोसॉफ्टनेही बांधलंय. तुम्ही व्हर्च्युअल मशीनचं भाडं भरता त्यातच देखभाल येते. क्लाउडवाल्याला पगार परवडतो, कारण त्याचे लाखो सर्व्हर त्याच्यावर आहेत. धोका असा की ही लिनक्सं त्या-त्या क्लाउडवरच सुखाने नांदतात. दुसरीकडे बँका, विमा, दवाखाने यांना प्रमाणपत्रासह सबस्क्रिप्शन लागतच राहील. मधल्या लोकांसाठी, म्हणजे तुमच्यासाठी, फाउंडेशनवाल्या डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) राहतील, पण त्यांनाही तिजोरी लागणार. डेबियनने यावर एक प्रामाणिक तोडगा काढला आहे. तीन वर्षांनंतरची दोन वर्षं जी देखभाल होते, तिच्यासाठी कंपन्या फ्रेक्सियन या फ्रेंच कंपनीमार्फत तासांच्या हिशेबाने पैसे देतात आणि डेबियनचेच लोक ते तास भरतात. साधं आणि उघड. मूळ कर्नलवाल्यांनी तर २०२३ मध्ये सांगूनच टाकलं की दीर्घ मुदतीची देखभाल यापुढे सहा नव्हे, दोन वर्षांची. सांभाळणारे थकले होते. ज्या कारखान्यांना, वीज कंपन्यांना दहा वर्षं तोच कर्नल हवा होता त्या हिताची, सीमेन्स, तोशिबा वगैरेंनी २०१६ पासूनच वेगळी वर्गणी काढून आपली सोय केली आहे.

थकव्याची किंमत मार्च २०२४ मध्ये सगळ्यांना दिसली. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते एकच माणूस फुकट सांभाळत होता. जिया टॅन या नावाने आलेल्या कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, मदत करून त्याचा विश्वास संपादला आणि आत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले पोस्टग्रेस डेटाबेसचे डेव्हलपर. त्यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते उघड झालं. तोवर तो कोड डेबियन आणि फेडोराच्या चाचणी शाखांत पोचला होता, मुख्य आवृत्त्यांत नाही. दहा वर्षांच्या देखभालीवाल्या जुनाट आवृत्त्या यातून वाचल्या, हेही लक्षात ठेवा.

या घटनेनंतर मला नियमांबद्दल थोडी आशा वाटू लागली आहे, आणि मी एरवी नियमांचा चाहता नाही. युरोपचा सायबर रेझिलिअन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला. त्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून येतील. वस्तू विकणाऱ्याला आतल्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षेची जबाबदारी घ्यावी लागेल, साधारण किमान पाच वर्षं पॅच द्यावे लागतील. फुकट कोड लिहिणाऱ्यावर ओझं नाही, तो पेटीत घालून विकणाऱ्यावर आहे. चाकण-भोसरीतून युरोपला लिनक्स असलेली कंट्रोलर पाठवणाऱ्या कारखान्यांना आता आत काय काय आहे त्याची यादी द्यावी लागेल. आपल्या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सर्ट-इनने, २०२४ मध्ये अशाच यादीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. यादी केली की कळतं की आपला माल अशा चाळीस प्रकल्पांवर उभा आहे ज्यांना आपण कधी छदाम दिला नाही. तिथून खिशात हात जायला सुरुवात होते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर विंडोज सर्व्हरकडे पळू नका. तिथे सर्व्हरचं लायसन्स, वर प्रत्येक वापरणाऱ्यामागे वेगळं लायसन्स, आणि पतसंस्थेच्या शाखा वाढल्या की आकडा वाढतच जातो. सगळीकडे रेड हॅट घ्यायचीही गरज नाही. ज्या संस्थेवर रिझर्व्ह बँकेचं ऑडिट येतं, किंवा जिथे डेटाबेसचा विक्रेता प्रमाणित ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय फोन उचलत नाही, तिथे सबस्क्रिप्शन घ्या आणि ग्राहकाच्या नावाने घ्या. रेड हॅट सोळा मशीनपर्यंत फुकट देतं ते एकट्या डेव्हलपरच्या नावाने. ग्राहकाच्या मशीन त्यात कोंबू नका, ऑडिटमध्ये तोंडघशी पडाल. दूध संघाच्या एकेका सर्व्हरला अल्मा ९ उत्तम, २०३२ पर्यंत चालेल. टीमला डेबियन येत असेल तर तेही चांगलं, फक्त पाच वर्षांनी बदलायची तयारी ठेवा.

सेंटओएस ७ अजून चालू असेल तर जागच्या जागी वर नेणारं अल्माचं एलिव्हेट नावाचं साधन आहे. ७ वरून ८, ८ वरून ९ अशा उड्या मारतं. मी ते फक्त चाचणीच्या मशीनवर वापरतो. खऱ्या सर्व्हरला नवी मशीन उभी करून डेटा हलवणं मला बरं वाटतं, कारण रात्री काही फसलं तर जुनी मशीन शेजारी चालू असते. तुमचं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमपासून सुट्या ठेवलेल्या बंद पुडक्यात, घाला. पुढच्या वेळी खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची वेळ आली, आणि ती येणारच, तर काम महिन्याचं न राहता दोन दिवसांचं होईल.

आणि कोटेशनचा नमुना बदला. आत्ता तुमच्या कोटेशनमध्ये बहुधा "ऑपरेटिंग सिस्टीम: लिनक्स, ₹०" अशी ओळ असेल. ग्राहकाला ती ओळ फार आवडते आणि पाच वर्षांनी तीच तुमच्या गळ्यात येते. तिथे शून्य न लिहिता वार्षिक पॅच आणि आवृत्ती बदल असं स्वतंत्र कलम घाला, देखभाल संपायची तारीख छापा, आणि त्या तारखेच्या एक वर्ष आधी स्थलांतराचा खर्च वेगळा येईल हे लिहून सही घ्या. ग्राहक घासाघीस करेल. एएमसीच्या रकमेत थोडं कमी-जास्त करा, पण तारखेची ओळ खोडू देऊ नका. त्यातून जे पैसे येतील त्यातले थोडे, वर्षाला एका लॅपटॉपच्या किमतीइतके जरी, तुम्ही वापरता त्या डिस्ट्रोच्या फाउंडेशनला पाठवा. अल्मा आणि डेबियन दोघांनाही भारतातून पैसे पाठवता येतात. बँक परदेशी रकमेचं कारण विचारेल तेव्हा इन्व्हॉइस मागून घ्या, म्हणजे सीए कुरकुर करणार नाही.